टाकीच्या वळणावर न्यूट्रल

मी तोंडाची फटकळ आहे, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय आणि ते खरंही आहे. पण फटकळ माणूस निदान तोंडावर तरी बोलतो. गोड बोलून केसाने गळा कापायची विद्या मला कधी आली नाही. ती आमच्या घरात मामाला येते, आणि हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. म्हणजे मी किती हुशार ते बघा.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मामा-मामींनी मला वाढवलं. पुढे नवऱ्याचं घर सोडून मी बॅग घेऊन परत आले, तेव्हा दार मामानेच उघडलं. काय झालं, का आलीस, एका शब्दाने विचारलं नाही. हात धुऊन घे, जेवायला बस, एवढंच म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. त्यामुळे हे सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे, मी तो खाली आणणार नाही.

आमचं रुग्णालय टेकडीच्या माथ्यावर आहे. हाडांचं रुग्णालय. कुणाचा खुबा बदललेला, कुणाच्या मणक्यात पट्ट्या, कुणाचा गुडघा नवा कोरा. अशी माणसं खालच्या फाटकापासून वर आणायची आणि बरी झाली की खाली पोचवायची, त्यासाठी रुग्णालयाची एक गाडी आहे. रस्ता एकच, उतार चांगलाच, आणि मध्ये पाण्याच्या टाकीपाशी एक मोठं वळण. त्या वळणाच्या अगदी वर आमचं धुलाई खातं आहे. तिथल्या मागच्या खिडक्या रस्त्यावरच उघडतात. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी मी तिथेच जाऊन पडले.

मामा तिथला जुना ड्रायव्हर. पेट्रोलची व्हॅन होती तेव्हापासूनचा. त्याची एक पद्धत होती आणि तिचं त्याला भारी कौतुक. रुग्णालयाचं फाटक ओलांडून थोडं पुढे गेलं, टाकीचं वळण दिसायला लागलं, की हा गाडी न्यूट्रलला टाकायचा. मग ती आपली आपण तरंगत खाली यायची, आवाज नाही, हिसका नाही. ताज्या हाडांची माणसं मागे झोपून जायची. उतार संपल्याचं पेशंटला कळलं तर तो ड्रायव्हर कसला, असं तो म्हणायचा. वर पेट्रोलही वाचायचं. सगळ्यात कमी पेट्रोल जाळल्याबद्दल रुग्णालयाने त्याला एकदा भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते अजून आमच्या बाहेरच्या खोलीत लटकतंय. उतारावर असं गाडी सोडणं तेव्हाही चुकीचंच होतं म्हणे. पण तेव्हा घड्याळ देणारे होते, सांगणारं कोणी नव्हतं.

गाडी मला मामानेच शिकवली, कॉलेजात जायच्या वयात, त्याच रिकाम्या व्हॅनमध्ये. शिकवताना तो कधी ओरडला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मी इतकी तापट, पण स्टिअरिंगवर बसले की गाय व्हायचे, कारण शेजारी तो असायचा. टाकीचं वळण आलं की तो घसा खाकरायचा आणि हळूच म्हणायचा, हं, सोड. मी न्यूट्रल टाकायचे. पुढे पुढे तर त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत माझा हात गिअरवर गेलेला असायचा. तो हसायचा, म्हणायचा, भिंगरी, तुझं डोकं कुठेही असू दे, हात माझा आहे. मी लहानपणी घरभर फिरत असायचे म्हणून तो मला भिंगरी म्हणतो. म्हणायचा.

नवऱ्याकडून परत आल्यावर मला काम मिळालं ते धुलाई खात्यात. ते काम ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. वाफेने सकाळीच अंग चिकट होतं, ओल्या चादरी दगडासारख्या जड लागतात, आणि डाग घालवायच्या औषधाने बोटांची सालं निघतात. रात्री जेवताना मीठ झोंबायचं. आणि दिवसभर खिडकीतून काय दिसायचं, तर मामाची गाडी वर-खाली जाताना. मग दुसऱ्या ड्रायव्हरची जागा निघाली. मामाने माझं नाव सुचवलं आणि मी चाचणीत पास झाले. जागा कच्ची होती, पण व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या होत्या की काम बघून पक्की करू. मला दुसरं काही नको होतं. ती सीट, ते स्टिअरिंग, बोटांवर परत आलेली कातडी. एवढंच माझं होतं जगात, आणि ते मी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

मग इलेक्ट्रिक गाडी आली.

ती शिकवायला कंपनीचा माणूस आला होता. त्याने आम्हा दोघांना शेजारी बसवून सगळं समजावलं. या गाडीत उतारावर पाय उचलला की मोटर उलटी काम करते. ती चाकं धरून ठेवते, गाडी हळू करते, आणि त्यातून बॅटरी थोडी भरतेही. ब्रेकला फारसं काम उरत नाही, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण न्यूट्रलला टाकलं की मोटर हात काढून घेते, मग सगळा उतार ब्रेकच्या बोकांडी. म्हणून उतारावर न्यूट्रल नाही म्हणजे नाही. हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. मामा मान डोलावत होता, वर दोन शंकाही विचारल्या.

पहिल्या आठवड्यात आमची दोघांची फजिती झाली. पाय उचलला की गाडी अशी थबकायची की मागचा माणूस पुढे यायचा. एका गुडघ्याच्या काकांना तर ओकारी झाली. मी मग रिकाम्या गाडीत सराव केला. पाय झटकन उचलायचा नाही, चहाच्या भांड्यावरचं झाकण सरकवावं तसा अलगद उचलायचा. जमलं. मामाला मात्र ते पसंत नव्हतं. गाडी नाही, कुणी मागून पदर धरून ओढतंय असं वाटतं, म्हणायचा. त्याच्या पेशंटची झोप मोडायची ना.

एके दिवशी मी सुट्टीवर होते म्हणून मागच्या सीटवर बसून त्याच्यासोबत खाली निघाले. टाकीचं वळण आलं आणि गाडीने एकदम हात सोडला. दुसरा शब्द नाही त्याला. मोटर धरून असते तेव्हा एक बारीक सूं आवाज येत असतो, कान लावला तर बाहेरही ऐकू येतो. तो थांबला, नुसते टायर ऐकू यायला लागले. मी पुढे वाकून बघितलं तर न्यूट्रलचा हिरवा एन लागलेला. या गाडीत दांडा नाही, एक गोल बटण आहे, ते डावीकडे फिरवून क्षणभर धरायचं. मामाने ते इतक्या सहज केलं होतं की मला कळलंही नाही.

मी तिथेच तोंड सुटल्यासारखी बोलले. तो हसला. मला शिकवणार का आता, म्हणाला. नंतरही मी बोलत राहिले, जेवताना, चहा पिताना, गाडी हाती देताना. कधी भांडून, कधी हात जोडून. दर वेळी तो म्हणायचा, बरं बाई, उद्यापासून नाही. आणि दर वेळी मी गाडी ताब्यात घेतली की ब्रेकचा तो करपलेला वास नाकात जायचा. मला मॅडमकडे जाता आलं असतं. पण मामाची निवृत्ती पुढच्या वर्षावर आली होती. नोकरीवर डाग लागला तर रुग्णालयाने दिलेल्या राहत्या खोल्या लगेच सोडाव्या लागतील, मामींचे गुडघे हे असे. मी कानाडोळा केला. घरातल्या घरात अळीमिळी गुपचिळी. माझ्यासाठी दार उघडलेल्या माणसाची चुगली कुठल्या तोंडाने करणार होते मी?

आणि मग ते माझ्याच हातून झालं.

खुब्याच्या एक आजी होत्या, घरी चालल्या होत्या, आनंदात होत्या. मी अख्खा उतार मोटरवर, पाय अलगद उचलत आणला. खाली फाटकाजवळ शेवटचं थांबायला ब्रेक दाबला तर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबेचना. थांबली ती बसथांब्याच्या बाकाला धडकून. बाकावर कोणी नव्हतं, हे नशीब. आजींचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, टेंगूळ आलं. त्या मलाच धीर देत होत्या, जाऊ दे गं, माझा खुबा शाबूत आहे म्हणत होत्या.

मिस्त्रीने चाकं उघडली. पॅड संपून पत्रा डिस्कवर घासत होता. अशा गाडीचे पॅड इतक्या लवकर संपतच नाहीत, तो म्हणाला, कोणीतरी रोज न्यूट्रलवर उतरतंय. मॅडमनी विचारलं की गाडीत याची काही नोंद राहत नाही का. या गाडीत राहत नाही, मिस्त्री म्हणाला. ड्रायव्हर दोनच. मॅडमनी दोघांना आत बोलावलं.

मॅडमची खोली लहान आहे. टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत एक मरगळलेली कुंडी. मी मनात ठरवून गेले होते की मी काही बोलायचं नाही, मामाला स्वतःच बोलू द्यायचं. तो बोलेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आजींचं टेंगूळ त्यानेही बघितलं होतं.

तो बोलला. खुर्चीच्या कडेवर बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी दुखऱ्या आवाजात.

"पोर चांगली आहे, मॅडम. पण सवय वाईट. माझ्याकडूनच लागली, जुन्या गाडीवर मीच शिकवलं, तेव्हा दोष माझाच धरा. नवीन गाडी आल्यापासून मी तिला शंभरदा सांगितलं. ऐकत नाही."

शंभरदा सांगितलं. हे माझं वाक्य होतं. मी त्याला भांडताना म्हणायचे ते, शब्द न् शब्द. माझंच वाक्य उचलून त्याने माझ्या अंगावर घातलं होतं आणि वर दोष माझाच धरा म्हणून मोठेपणाही घेतला होता. मग मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. खोटारडा म्हणाले, म्हाताऱ्या म्हणाले, टेबलावर हात आपटला, कुंडी हलली. मामा मान खाली घालून सगळं ऐकत होता. समोरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? एक आरडाओरडा करणारी बाई आणि एक गरीब बिचारा माणूस. माझ्या स्वभावाने मला कायमच तोंडघशी पाडलंय, पण असं कधीच नाही.

मॅडम अन्यायी नाहीत, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, ब्रेक बदलून झाले की उद्या सकाळी आपण तिघं खाली जाऊ. आधी हिला चालवू दे, मग तुम्ही चालवा. मला बघायचंय. मला हायसं वाटलं. चालवायचं तर आहे ना, मग मला कसली भीती? या गाडीवर मी एकदाही उतारावर न्यूट्रल टाकलेला नव्हता.

संध्याकाळी घरी मी मामाला धरलंच. मामी भाजी निवडत होत्या, त्या हात थांबवून बसल्या. मामा त्या घड्याळाखालच्या खुर्चीत बसला होता. मग त्याचे डोळे भरले. भरले, मी स्वतः बघितलं. म्हणाला की घाबरलो. या वयात खोल्या सोडून हिला घेऊन कुठे जाऊ, हे डोळ्यासमोर आलं आणि तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना. पण उद्या गाडीत मॅडमसमोर खरं काय ते सांगून टाकतो. तू नुसती शांत राहा, भिंगरी. डोकं थंड ठेवून चालव.

मी काय केलं असेल? रडले. त्याचा हात धरून रडले. सांगायची गरज नाही, म्हणाले, मी नीट चालवेन, तू पण उद्या नीट चालव, मिटेल सगळं. नाही नाही, तो म्हणाला, सांगणारच. मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भाजी चुलीवर टाकली. मी पोटभर जेवले त्या दिवशी.

सकाळी लख्ख ऊन होतं. मॅडम माझ्या शेजारी बसल्या, मामा मागे, आरशात मला त्याचा चेहरा पुरा दिसत होता. दाढी करून आला होता. मी फाटक ओलांडलं, पाय उचलला, मोटरने चाकं धरली, सूं आवाज सुरू झाला. इतकं छान चाललं होतं की मॅडम म्हणाल्या, कळतसुद्धा नाही उतार आहे ते. माझा जीव सुपाएवढा झाला.

पण माझं अर्धं लक्ष मागे होतं. तो कधी बोलणार याकडे. नको सांगू म्हणाले होते खरं, पण मनातून मला हवं होतं ते. त्याने सांगावं असं फार फार वाटत होतं. नोकरीसाठी नव्हे. मला माझा मामा परत हवा होता. रस्ता डोळ्यांपुढे होता आणि कान सगळे त्याच्याकडे लागले होते.

टाकीचं वळण दिसायला लागलं. मामाने घसा खाकरला.

आता बोलतोय, मला वाटलं. बरं वाटलं हो मला, देवाशपथ बरं वाटलं.

"हं, सोड," मामा म्हणाला.

हळूच. तसंच, पूर्वी म्हणायचा तसं. आणि माझ्या हाताने बटण डावीकडे फिरवून धरलं.

मी फिरवलं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते नंतर कळलं. आधी सूं आवाज थांबला. मग गाडीने हात सोडला, ती पुढे घसरली, आणि समोर हिरवा एन लागला. मॅडम त्या एनकडे बघत होत्या, मग माझ्या हाताकडे. मी झटक्यात बटण परत फिरवलं, मोटरने पुन्हा धरलं, सगळ्यांना पुढे हिसका बसला. एवढ्याशा वेळाचा खेळ.

आणि मी आरशात बघितलं.

खरं सांगू का, तोवर मी त्याला माफ करायला तयार होते. जसा माझा हात गेला तशी त्याची जीभ गेली असेल, जुनी सवय, त्याचाही इलाज नसेल, असं एका क्षणात माझ्या मनाने त्याच्या वतीने रचूनसुद्धा टाकलं होतं. पण तो रस्त्याकडे बघत नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर त्या वळणावरून नजर हलवली नाही, गाडी कोणीही चालवत असो, तो माणूस वळणाकडे बघत नव्हता. तो मॅडमकडे बघत होता. त्यांना दिसलं की नाही, ते बघत होता.

मॅडमनी गाडी कडेला घ्यायला लावली. मी घेतली. म्हणाले, हा म्हणाला सोड म्हणून, तुम्ही ऐकलंत ना? ऐकलं, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पण गाडी कोण चालवत होतं?"

खरंच होतं ते. मागे ताज्या हाडांचं माणूस असतं आणि कोणीतरी काहीतरी म्हणालं असतं, तर? मला जे बघायचं होतं ते दिसलं, मॅडम म्हणाल्या, आता त्यांना चालवू दे आणि वर चला. मी उतरले, मागे जाऊन बसले. मामा पुढे आला. सीट मागे सरकवताना त्याने आरसाही स्वतःला हवा तसा फिरवला, म्हणजे मग मला त्याचा चेहरा दिसला नाही.

दुपारपर्यंत कागद झाला. धुलाई खातं. कामावरून काढत नाही, हे लक्षात घ्या, असं मॅडम म्हणाल्या. घेतलं लक्षात.

संध्याकाळी मी घरी गेले ती बॅग भरायलाच. मामा जेवायला बसला होता. मी आरडाओरडा केला नाही. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग असेल.

"मामा," मी म्हणाले, "तू रस्त्याकडे बघत नव्हतास."

त्याचा घास हातात राहिला. वर बघितलं नाही त्याने. पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मामीच बोलल्या मग, माझ्याकडे न बघता. त्याचं एकच वर्ष राहिलंय गं, म्हणाल्या. तू तरुण आहेस, तुला काय, आज नाही तर उद्या दुसरी गाडी मिळेल. आणि तेव्हा मला कळलं की आदल्या संध्याकाळी पाठीवरून हात फिरवत होत्या तेव्हा त्यांनाही ठाऊक होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं. मी पोटभर जेवत होते आणि हे दोघं माझ्याकडे बघत होते.

दार माझं मीच ओढून घेतलं. धुलाई खात्याच्या वर एक खोली आहे, वाफेमुळे सगळे नाक मुरडतात म्हणून रिकामीच असते. तिथे राहते मी आता.

काम तेच. वाफ तीच, चादरी तशाच जड, बोटं पुन्हा सोलायला लागलीत. बाकीच्या बायका चांगल्या आहेत, चिडवतात, ड्रायव्हरीण बाई म्हणतात, पण मागची खिडकी चादरी दाबणाऱ्या इस्त्रीच्या रुळाजवळची आहे आणि ती जागा त्यांनी न मागता मला दिली. मी खिडकीतून बघत नाही. बघायचं नाही असं ठरवलंय. पण कान कसे मिटणार? गाडी खाली निघाली की फाटकाचा आवाज येतो, मग टायर, मग ती वळणाशी येते.

पहिल्या दिवशी मी इस्त्री थांबवून उभी राहिले. आता सोडेल, म्हटलं. आता सूं थांबेल. मला ते हवं होतं, लपवत कशाला. सोडू दे, पॅड जाऊ देत, काही महिन्यांनी मिस्त्री पुन्हा चाकं उघडेल आणि या वेळी ड्रायव्हर एकच असेल. मनात अक्षरशः नवस बोलले.

सूं थांबला नाही. वळणाच्या आधीपासून सुरू झाला आणि वळण संपून गाडी खाली जाईपर्यंत एकसारखा, बारीक, न तुटता ऐकू येत राहिला. हिसका नाही, काही नाही. अलगद उचललेला पाय.

दुसऱ्या दिवशी तसंच. त्यानंतरही रोज तसंच. एकदाही चुकला नाही.

म्हणजे जमत होतं त्याला. मी हात जोडून सांगत होते, भांडत होते, त्याने करपवलेल्या ब्रेकच्या वासात रोज बसत होते, तेव्हाही जमत होतं. माझ्यासाठी त्याने केलं नाही, एवढंच.

आता गाडी खाली गेली की मी पुढची चादर ओढते आणि रुळाखाली घालते.